सामाईक साठा आणि त्याची मर्यादा

वाराणसीच्या दक्षिण भागात, गंगेपासून फारशा दूर नसलेल्या विस्तीर्ण आवारात, बनारस हिंदू विश्वविद्यालय वसलेले आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ साली त्याची स्थापना झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९१९ साली, तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच परंपरेतून वाढलेल्या संस्थेला २०१२ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी या संस्थेतील 'परम शिवाय' हा महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आला. २०१५ साली भारत सरकारने हाती घेतलेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभा राहिलेला हा पहिला महासंगणक होय. त्याच्या उभारणीमागे पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेचे काम होते. १९८८ साली स्थापन झालेल्या याच संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा यंत्रसंच तयार करून या मालिकेचा आरंभ केला होता.

अशा यंत्राचे वर्णन करताना त्याचा वेग प्रथम सांगितला जातो. 'परम शिवाय'ची कमाल क्षमता ८३७ टेराफ्लॉप, म्हणजे एका सेकंदात सुमारे ८३७ लाख कोटी गणितक्रिया, इतकी सांगण्यात आली. परंतु गणित कितीही वेगाने झाले तरी त्याचे उत्तर कोठेतरी लिहून ठेवावे लागते. ज्या यंत्रावर शेकडो अध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी आपापल्या टेबलाशी बसून जाळ्यामार्गे काम करतात, तेथे उत्तरे ठेवण्याची जागा सर्वांची मिळून एकच असते. ती जागा कोणी किती वापरावी, हा प्रश्न वेगाच्या प्रश्नाइतका आकर्षक नाही. तरीही अशा केंद्राचे दैनंदिन आरोग्य बव्हंशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते. या प्रश्नाचे जे उत्तर संगणकशास्त्राने काढले, त्याला 'डिस्क कोटा' असे म्हणतात.

साठा कसा भरतो

सामाईक डिस्क कोणी जाणूनबुजून भरत नाही. ती भरत जाते. समजा, रसायनशास्त्राचा एक संशोधक एखाद्या प्रथिनाच्या रेणूची हालचाल संगणकावर अभ्यासत आहे. रेणूतील प्रत्येक अणूचे स्थान दर क्षणाला कोठे होते, हे त्याला लिहून ठेवावे लागते. एका प्रयोगातून काही शेकडा गिगाबाइट माहिती सहज निर्माण होते. प्रयोग संपतो, निष्कर्ष निघतो, लेख प्रसिद्ध होतो. मूळ माहिती मात्र 'पुढे कधी लागली तर' म्हणून तशीच राहते. मग तिची एक प्रत सुरक्षिततेसाठी होते, दुसरी सहकाऱ्यासाठी होते. काही वर्षांनी तो विद्यार्थी पदवी घेऊन दुसऱ्या गावी जातो. त्याचे टेबल रिकामे होते, त्याच्या फाइली मात्र जागच्या जागी राहतात. यात कोणाचाही दोष म्हणावा असे काही नाही. घराच्या माळ्यावर ज्या रीतीने वस्तू साठतात, त्याच रीतीने हेही घडते.

फरक आहे तो परिणामात. माळा भरला तर त्याची अडचण घरच्यांनाच होते. सामाईक डिस्क भरली म्हणजे तिची झळ ज्याने ती भरली त्याला लागेलच असे नाही. त्या क्षणी जो कोणी काही लिहू पाहत असेल त्याला ती लागते. एखाद्या विद्यार्थिनीचे बारा दिवस चालायचे गणित अकराव्या रात्री आपला मधला निकाल डिस्कवर उतरवू पाहते, जागा मिळत नाही आणि कार्यक्रम तेथेच थांबतो. तिने स्वतः अगदी थोडी जागा वापरलेली असते. ज्याच्या फाइलींनी डिस्क भरली तो त्या वेळी झोपलेला असतो, किंबहुना त्या संस्थेतच नसतो. ज्याने वापरले त्याला काही नाही आणि ज्याने जपून वापरले त्याचे नुकसान, असा हा उलटा न्याय आहे.

हे नुकसान कधीकधी अधिक गंभीर असते. लेखनाचे काही साधे कार्यक्रम फाइल जतन करताना जुना मजकूर आधी पुसतात आणि नंतर नवा लिहितात. या दोन क्रियांच्या मध्ये जागा संपली तर जुना मजकूर गेलेला असतो आणि नवा उतरलेला नसतो. प्रबंधाचे एखादे प्रकरण अशा रीतीने नाहीसे होऊ शकते. काळजीपूर्वक रचलेले कार्यक्रम म्हणूनच नवा मजकूर प्रथम वेगळ्या फाइलीत पूर्ण लिहितात आणि तो सुखरूप उतरल्यावरच तिला जुन्या फाइलीचे नाव देतात. परंतु प्रत्येक कार्यक्रम असा काळजीपूर्वक रचलेला असेल, असे गृहीत धरता येत नाही.

प्रत्येक वस्तूवर मालकाचे नाव

वाटणी करायची तर आधी हिशेब हवा, आणि हिशेबासाठी कोणती वस्तू कोणाची हे ठाऊक असावयास हवे. या बाबतीत वाराणसीतीलच एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. सतराव्या शतकात काशीच्या पंडितांमध्ये अग्रस्थानी असलेले कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदावरीतीरावरचे. शाहजहानच्या दरबारात त्यांना मान होता आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे यात्रेकरूंवरील कर माफ झाला, अशी त्यांची कीर्ती आहे. त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह विख्यात होता. त्याची दोन हजारांहून अधिक नोंदींची सूची १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. पुढे तो संग्रह विखुरला, पोथ्या निरनिराळ्या ठिकाणी गेल्या. तथापि त्यांतील अनेक पोथ्यांवर ती कवींद्राचार्यांची असल्याची नोंद केलेली असल्याने आज दूरच्या ग्रंथालयातही ती पोथी ओळखता येते.

बहुवापरकर्ता संगणकात प्रत्येक फाइलीवर अशीच नोंद असते. फाइल निर्माण होते त्याच क्षणी तिच्या नोंदपत्रात मालकाचा क्रमांक लिहिला जातो. युनिक्स पद्धतीच्या प्रणालींमध्ये या नोंदपत्रास 'आयनोड' म्हणतात. फाइलीचे नाव त्यात नसते. तिचा मालक कोण, तिचा गट कोणता, तिने डिस्कचे किती तुकडे व्यापले आहेत आणि ते तुकडे कोठे आहेत, ही माहिती त्यात असते. ज्या डिस्कवर प्रत्येक फाइलीला मालक आहे, त्या डिस्कवर प्रत्येक मालकाच्या नावे बेरीज मांडता येते. कोटा म्हणजे ही बेरीज आणि तिच्याशी ताडून पाहण्याची एक संख्या.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. हिशेब फाइल कोठे ठेवली आहे यावर नव्हे, तर तिचा मालक कोण यावर होतो. एखाद्याने आपली फाइल मित्राच्या कप्प्यात नेऊन ठेवली तरी ती त्याच्याच खात्यावर पडते. म्हणून एखाद्या वापरकर्त्याला आपला कप्पा जवळजवळ रिकामा दिसतो आणि तरीही मर्यादा ओलांडल्याची सूचना येते, तेव्हा संगणकाची चूक झाली असे त्याने लगेच समजू नये. त्याच्या नावाची एखादी फाइल अन्यत्र पडलेली असण्याचा संभव असतो. दुसरेही एक कारण असू शकते. पुसून टाकलेली फाइल एखादा कार्यक्रम अजून वाचत असेल, तर तो कार्यक्रम थांबेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही.

दोन मर्यादा आणि एक मुदत

साठ्याला मर्यादा घालण्याची कल्पना मोठ्या सामाईक संगणकांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात आकार घेतलेल्या 'मल्टिक्स' या प्रणालीत कप्प्यानुसार कोटा देण्याची सोय होती. युनिक्सच्या जगात ही कल्पना रुजली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून १९८३ साली बाहेर पडलेल्या '४.२ बीएसडी' या आवृत्तीमुळे. तिच्यातील कोट्याची रचना ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी केली होती. विद्यार्थी पुष्कळ आणि डिस्क लहान, या परिस्थितीतून ती जन्माला आली. तिचा मूळ आराखडा आजही जवळजवळ तसाच वापरात आहे, कारण तो मनुष्यस्वभावाची जाण ठेवून केलेला आहे.

या आराखड्यात एका वापरकर्त्याला दोन मर्यादा असतात. पहिली सौम्य मर्यादा. ती ओलांडता येते. ओलांडताच सूचना मिळते आणि एक मुदत सुरू होते. लिनक्स प्रणालीत ही मुदत सर्वसाधारणपणे सात दिवसांची असते, व्यवस्थापक ती कमी-अधिक करू शकतो. दुसरी कठोर मर्यादा. ती कोणत्याही परिस्थितीत ओलांडता येत नाही; तेथे लिहिण्याची विनंती नाकारली जाते. मुदतीच्या आत वापर सौम्य मर्यादेच्या खाली आला, तर मुदत रद्द होते आणि मागचे काही उरत नाही. मुदत संपली आणि वापर तसाच राहिला, तर सौम्य मर्यादाच कठोर होऊन बसते. त्यानंतर वापरकर्त्याला नवे काहीही लिहिता येत नाही. परंतु जुने वाचता येते आणि पुसता येते. त्याच्या एकाही फाइलीला हात लावला जात नाही.

उदाहरणार्थ, एकाची सौम्य मर्यादा ४० गिगाबाइट आणि कठोर मर्यादा ५० गिगाबाइट आहे. सोमवारी त्याचे गणित ४४ गिगाबाइटपर्यंत पोहोचले, तर काम थांबत नाही. त्याला केवळ सूचना मिळते. पुढील सोमवारपर्यंत त्याने ४ गिगाबाइटहून अधिक जागा मोकळी केली की हिशेब मिटला. याउलट मंगळवारीच तो ५० गिगाबाइटला भिडला, तर मुदत शिल्लक असूनही त्याला पुढे लिहिता येणार नाही.

एकच मर्यादा ठेवली असती तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे या रचनेचे मर्म उमगते. केवळ कठोर मर्यादा असती, तर शेवटच्या टप्प्यात आलेले काम थोड्याशा जागेअभावी मोडले असते. केवळ सौम्य मर्यादा असती, तर ती सूचनाफलकावरील विनंतीप्रमाणे दुर्लक्षिली गेली असती. कामाला तात्पुरती अधिक जागा लागते, ही वस्तुस्थिती या दोहोंमधील अंतरात मान्य केलेली आहे, आणि तात्पुरते कायमचे होऊ नये, ही काळजी मुदतीने घेतलेली आहे.

हिशेब कसा राहतो

हा हिशेब वेळोवेळी डिस्क चाळून केला जात नाही. लाखो फाइलींची गणना दर वेळी करणे परवडणारे नसते. प्रणालीच्या गाभ्यात प्रत्येक वापरकर्त्याचे एक खाते असते. फाइलीला नवा तुकडा द्यावयाचा झाला की तो देण्यापूर्वी खात्यात पाहिले जाते: सध्याची बेरीज, मागितलेली जागा आणि मर्यादा. मर्यादेत बसत असेल तर तुकडा दिला जातो आणि बेरीज वाढवली जाते. फाइल पुसली की बेरीज कमी होते. बँकेच्या खातेवहीत दर व्यवहारागणिक शिल्लक लिहिली जाते, तसाच हा प्रकार आहे.

खातेवहीचा जो धोका तोच येथेही आहे. वीज अचानक गेली किंवा यंत्र बंद पडले, तर फाइल लिहिली गेली पण खात्यात नोंद झाली नाही, असे होऊ शकते. मग बेरीज आणि वास्तव यांत तफावत पडते. जुन्या प्रणालींमध्ये अशा वेळी सर्व डिस्क चाळून हिशेब नव्याने जुळवावा लागे. पुढे फाइलींच्या बदलांबरोबर कोट्याचे बदलही एकाच रोजकीर्दीत आधी नोंदवण्याची पद्धत आली. यंत्र पुन्हा सुरू होताना ती रोजकीर्द वाचून दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवून घेतल्या जातात.

मोजावयाच्या गोष्टीही दोन आहेत. एक म्हणजे व्यापलेली जागा आणि दुसरी फाइलींची संख्या. नवख्या वापरकर्त्याला दुसऱ्या मर्यादेचे प्रयोजन चटकन कळत नाही. समजा, एखाद्या कार्यक्रमाने दहा लाख लहान फाइली निर्माण केल्या आणि प्रत्येकीत ३०० बाइट मजकूर आहे. एकूण मजकूर ३० कोटी बाइट, म्हणजे अगदी अल्प. परंतु पुष्कळ प्रणालींत डिस्कची जागा किमान ४ किलोबाइटच्या तुकड्यांत दिली जाते. त्यामुळे त्या फाइली ४०० कोटींहून अधिक बाइट इतकी जागा अडवतात. शिवाय दहा लाख आयनोड खर्ची पडतात ते वेगळेच. डिस्कवरील आयनोडांची संख्या अनेक प्रणालींत आरंभीच ठरलेली असते. ते संपले तर डिस्कवर जागा मोकळी असूनही एकही नवी फाइल निर्माण करता येत नाही. पोस्टाच्या थैलीत वजनाला जागा आहे, पण नोंदवहीत ओळ शिल्लक नाही, अशी ती स्थिती असते. म्हणून हजारो लहान फाइली एका मोठ्या फाइलीत बांधून ठेवण्याचा सल्ला अशा केंद्रांतून वारंवार दिला जातो.

अनेक डिस्कांवर पसरलेला साठा

महासंगणकाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत निर्माण होते. तेथे साठा एका डिस्कवर नसतो. 'परम शिवाय'सारख्या यंत्रसंचात 'लस्टर' नावाची समांतर फाइलप्रणाली वापरली जाते. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांच्या संशोधनातून तिचा आरंभ झाला. 'लिनक्स' आणि 'क्लस्टर' या दोन शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव बनले आहे. या प्रणालीत एका मोठ्या फाइलीचे तुकडे अनेक साठवण-यंत्रांवर वाटून ठेवता येतात, जेणेकरून ते एकाच वेळी वाचता आणि लिहिता यावेत. फाइलींची नावे आणि नोंदपत्रे वेगळ्या यंत्रावर असतात.

मग एका वापरकर्त्याची बेरीज कोणी ठेवावी? प्रत्येक साठवण-यंत्राने दर तुकड्यामागे मध्यवर्ती खातेदाराला विचारावयाचे ठरवले, तर समांतरतेचा सारा लाभ रांगेत उभे राहण्यात वाया जाईल. प्रत्येकाने स्वतंत्र हिशेब ठेवला, तर मर्यादेला अर्थ उरणार नाही. यावर काढलेला तोडगा व्यवहारी आहे. मध्यवर्ती खातेदार वापरकर्त्याच्या एकूण कोट्यातील लहान लहान हिस्से निरनिराळ्या यंत्रांना आगाऊ देऊन ठेवतो. यंत्र आपल्या हिश्श्यातून परस्पर खर्च करते, तो संपत आला की आणखी मागते, आणि गरज नसेल तेव्हा उरलेला परत करते. वापर मर्यादेच्या जवळ आला की हे हिस्से लहान होत जातात आणि विचारपूस वाढते. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर काम करणाऱ्याला लेखन मंदावल्यासारखे वाटू शकते. तालुक्याच्या गोदामातून गावोगावच्या दुकानांना धान्य पाठवावे आणि टंचाईच्या महिन्यात ते मोजून मापून पाठवावे, तसा हा कारभार होय.

संशोधन बहुधा एकट्याचे नसून गटाचे असते. अशा वेळी व्यक्तीच्या नावावरचा कोटा अपुरा पडतो. म्हणून गटाला आणि प्रकल्पालाही कोटा देण्याची सोय पुढे झाली. लस्टरमध्ये प्रकल्पनिहाय कोटा २०१७ साली आला. यात फाइलीच्या मालकाऐवजी ती ज्या प्रकल्पाच्या कप्प्यात आहे त्या प्रकल्पाच्या खात्यावर हिशेब होतो. व्यक्ती बदलल्या तरी प्रकल्पाचा हिशेब अखंड राहतो.

मर्यादा किती असावी

व्यवस्थापकापुढील सर्वांत अवघड प्रश्न हा तांत्रिक नसून न्यायाचा असतो. समजा, डिस्क १०० टेराबाइटची असून वापरकर्ते ४०० आहेत. समान वाटणी केली तर प्रत्येकाला २५० गिगाबाइट येतात. परंतु सर्वांची गरज सारखी नसते. ३०० जणांना ५० गिगाबाइटही लागत नाहीत आणि उरलेल्यांपैकी काहींना २५० गिगाबाइट एका आठवड्यालाही पुरत नाहीत. समान वाटणीने डिस्क अर्धी रिकामी राहील आणि तरीही कामे अडतील.

यास्तव पुष्कळ ठिकाणी कोट्यांची बेरीज प्रत्यक्ष साठ्यापेक्षा अधिक ठेवली जाते. वरील उदाहरणात प्रत्येकाला ५०० गिगाबाइट दिले, तर एकूण वचन २०० टेराबाइटचे होते, म्हणजे साठ्याच्या दुप्पट. सरासरी वापर १५० गिगाबाइट असेल, तर प्रत्यक्षात ६० टेराबाइटच भरतात आणि सर्वांची सोय होते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागणार नाहीत, या विश्वासावर बँक चालते, तसाच हा विश्वास आहे. पण बँकेप्रमाणेच येथेही सावध राहावे लागते. एकूण वापर किती झाला हे व्यवस्थापकाने रोज पाहिले नाही, तर एकानेही मर्यादा न ओलांडता डिस्क भरू शकते. कोटा आहे म्हणून डिस्क भरणार नाही, हा समज चुकीचा आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातील फड पद्धतीचे स्मरण होते. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी गावकरी शतकानुशतके या पद्धतीने वाटून घेत आले आहेत. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असतात, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवलेले असते आणि पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो. पाणी कमी असलेल्या वर्षी किती फड भिजवावयाचे याचा निर्णयही मिळूनच होतो. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला मोकळीक दिली, तर शेवटच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, हे ओळखून हा नियम केलेला आहे. पाटकरी पाणी निर्माण करीत नाही; पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते, हे तो पाहतो.

डिस्कच्या व्यवस्थापकाचे काम याहून वेगळे नाही. चांगला व्यवस्थापक कोटा एका रात्रीत लादत नाही. आरंभी तो केवळ मोजणी सुरू करतो, मर्यादा लावत नाही. काही आठवड्यांच्या नोंदींवरून कोणाला किती लागते हे त्याला कळते. मग तो सर्वांना लेखी कळवतो आणि सौम्य मर्यादा घालतो. कठोर मर्यादा सर्वांत शेवटी येते. ज्याला खरोखर अधिक जागा हवी त्याला तो ती देतो, पण तारखेसह देतो. वाढीव कोटा कोणत्या दिवशी संपेल हे लिहिलेले नसेल, तर अपवाद हाच नियम होऊन बसतो. प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठीही थोडी जागा राखून ठेवलेली असते. बर्कलीच्या फाइलप्रणालीत ती मूळतः १० टक्के होती आणि लिनक्समधील 'एक्स्ट' प्रणालींत सर्वसाधारणपणे ५ टक्के असते. डिस्क काठोकाठ भरल्यास मोकळे तुकडे शोधणे कठीण होऊन तिचा वेगही मंदावतो, हे या राखीव जागेचे एक कारण आहे.

मोठ्या केंद्रांत साठ्याचे सामान्यतः दोन विभाग केले जातात. एक 'होम', म्हणजे वापरकर्त्याचे घर. तेथे जागा थोडी, पण कायमची असते. कार्यक्रम, टिपणे, लेख यांसाठी ती असते. दुसरा 'स्क्रॅच', म्हणजे कच्च्या कामाची पाटी. तेथे जागा भरपूर असते, परंतु ठरावीक काळ न हाताळलेल्या फाइली पुसल्या जातील, असा नियम असतो. पाटीवर हिशेब करावा, उत्तर वहीत उतरवावे आणि पाटी पुसावी, ही शाळेतील जुनी रीत येथे लागू पडते. आपले एकमेव निष्कर्ष पाटीवरच ठेवणाऱ्याला मात्र हा नियम महागात पडतो.

कोट्याने न सुटणारे प्रश्न

कोटा ही केवळ संख्या आहे; फाइलीत काय आहे हे तिला कळत नाही. दहा वर्षांच्या निरीक्षणांतून जमलेली, पुन्हा न मिळणारी माहिती आणि एका तासात पुन्हा करता येईल असे गणित, या दोहोंना ती एकाच मापाने मोजते. संस्था सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या फाइलींचे काय करावयाचे, हेही ती सांगत नाही. त्याचे खाते बंद झाले तरी फाइली आपोआप जात नाहीत. मागे उरतो तो केवळ मालकाचा क्रमांक, ज्याच्यापुढे कोणाचेही नाव नसते. अशा फाइली पुसणे सोपे असते. परंतु त्यांत एखाद्या प्रसिद्ध लेखाचा मूळ आधार असेल, तर पुढे त्या लेखाची पडताळणी करणे अशक्य होते. म्हणून विद्यार्थ्याने संस्था सोडण्यापूर्वी आपल्या फाइलींतील काय राखावयाचे, काय मार्गदर्शकाच्या नावे करावयाचे आणि काय पुसावयाचे, हे त्याच्याशी बोलून ठरवणे आवश्यक असते. हे काम कोणताही कार्यक्रम करू शकत नाही.

काशीच्या पंडितांना हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. कागद महाग, लेखनिकाचे श्रम मोठे आणि पोथी ठेवण्याची जागा मर्यादित, त्यामुळे कशाची प्रत करावयाची हे त्यांना सतत निवडावे लागे. स्वस्त डिस्कांच्या काळात निवडीची ती सवय सुटू पाहत आहे. कोट्याची सूचना वापरकर्त्याला त्रासदायक वाटते हे खरे. पण ती त्याला एक प्रश्नही विचारते: या फाइलींपैकी तुला खरोखर कोणत्या हव्या आहेत? ज्याला याचे उत्तर देता येते त्याचा साठा लहान असला तरी उपयोगी असतो, आणि हवी ती वस्तू त्याला वेळेवर सापडते.

सामाईक संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच दोन सवयी लावून घ्याव्यात. आठवड्यातून एकदा आपला वापर आणि आपली मर्यादा पाहावी. त्यासाठी 'कोटा' ही एका शब्दाची आज्ञा पुष्कळ प्रणालींत पुरते. आणि मोठे गणित सुरू करण्यापूर्वी त्याच्या उत्तराला किती जागा लागेल याचा अंदाज करून तेवढी जागा मोकळी आहे याची खात्री करावी. या दोन गोष्टींना पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्या न केल्यास अकराव्या रात्री जे गणित थांबते, ते पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचे तरी असते.